आपल्या कोचवर लेख लिहायचाय? मग सुरुवात ट्रॉफीच्या कपाटापासून करू नका

कोच रिटायर व्हायला आले की जुन्या खेळाडूंचा ग्रुप अचानक जागा होतो, कुणीतरी म्हणतं सरांवर एक मस्त लेख झाला पाहिजे, बाकीचे थंब्स-अप टाकतात आणि ज्याला चार ओळी सलग लिहिता येतात त्याच्या गळ्यात ते काम पडतं. मग तो बिचारा बसतो आणि लिहितो, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, खेळाडूंवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करणारे वगैरे वगैरे. ही विशेषणं फ्री साइज असतात हो, कुणालाही बसतात. लेखातलं नाव झाकून बघा, दुसऱ्या कुठल्याही कोचचं नाव तिथे टाकता येत असेल तर तो लेख तुमच्या कोचवर नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की तीस-चाळीस वर्षं एका जागी टिकलेल्या कोचचं काम बघायचं असेल तर ते दोन ठिकाणी सापडतं, एक म्हणजे जिंकलं नाही ती वर्षं, आणि दुसरं म्हणजे ज्यांना फारसं खेळायला मिळालं नाही ती पोरं. सगळी माहिती त्याच हिशोबाने कशी गोळा करायची ते खाली सांगतो. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत, कारण तिथे कॉलेज स्पोर्ट्सचं प्रस्थ एवढं मोठं की कोचच्या प्रत्येक मॅचची नोंद असते, आणि मुळात मला ती उदाहरणं नीट माहीत आहेत. पद्धत मात्र कुठेही चालते, खो-खो असो की रोइंग.

आधी तक्ता करा, मग फोन करा

सगळे उलटं करतात, आधी फोन लावतात, दहा जणांच्या आठवणी रेकॉर्ड करतात आणि मग कळत नाही की कोण कुठल्या वर्षाबद्दल बोलतोय. म्हणून पहिलं काम म्हणजे वर्षवार तक्ता. एका वर्षाला एक ओळ: त्या वर्षी कोच मुख्य होते की असिस्टंट, किती मॅच जिंकल्या, किती हरल्या, किती बरोबरीत, कॅप्टन कोण, प्रॅक्टिस कुठे व्हायची, मदतीला कोण होतं, आणि कोच त्याच वेळी अजून काय काय सांभाळत होते. शेवटचा कॉलम विसरू नका, कॉलेजचा कोच बहुतेक वेळा फक्त कोच नसतो, तो वर्गावर शिकवतो, हॉस्टेल बघतो, प्रवासाची तिकिटं काढतो आणि सामान मोजून परत कपाटात ठेवतो.

पॅट समिट यांचं घ्या. १९७४ मध्ये टेनेसी युनिव्हर्सिटीत बायकांच्या बास्केटबॉल टीमच्या हेड कोच झाल्या तेव्हा वय २२, पगार महिन्याला २५० डॉलर, टीमची व्हॅन स्वतः चालवायच्या आणि खेळाडूंचे कपडेही स्वतः धुवायच्या. पहिलीच मॅच एका पॉइंटने हरल्या. २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा नावावर १०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय विजेतेपदं. आता तुम्ही जर लेखाची पहिली ओळ १०९८ वर लिहिलीत तर वाचणाऱ्याला मोठा आकडा दिसतो आणि तो पुढे सरकतो. व्हॅन आणि कपडे धुणं आधी आलं की तोच आकडा वेगळा वाटतो.

तक्त्यात रिकाम्या जागा राहतील. त्या भरायची घाई नको, त्या का रिकाम्या आहेत ते शोधा. एडी रॉबिन्सन ग्रॅम्बलिंग कॉलेजला १९४१ पासून १९९७ पर्यंत फुटबॉलचे कोच होते (तिकडचं फुटबॉल, हेल्मेटवालं). पहिल्या वर्षी ३ जिंकल्या ५ हरल्या. दुसऱ्या वर्षी, १९४२ ला, नऊच्या नऊ जिंकल्या आणि समोरच्या एकाही टीमला एक पॉइंटसुद्धा करू दिला नाही. आणि पुढची दोन वर्षं, १९४३ आणि १९४४, तक्त्यात काहीच नाही. कारण युद्ध चालू होतं आणि टीमच नव्हती. विचार करा, माणूस दुसऱ्याच वर्षी शिखरावर पोचला आणि लगेच हातात काहीच उरलं नाही, मग १९४५ ला परत पहिल्यापासून. ही गोष्ट कुठल्याही मुलाखतीआधी तक्त्यातल्या दोन रिकाम्या ओळींनीच सांगितली असती.

आता तक्ता वरून खाली वाचा आणि सुरुवातीच्या वर्षांवर थांबा. बहुतेक मोठ्या कोचची पहिली काही वर्षं बघवत नाहीत. बास्केटबॉलचे माइक शशेफ्स्की ड्यूक युनिव्हर्सिटीला ४२ वर्षं होते, ५ विजेतेपदं, आधीच्या आर्मी (अमेरिकेची लष्करी अकादमी) टीमचे ७३ धरून एकूण १२०२ विजय, पण पहिल्या तीन सीझनचा हिशोब ३८ विजय आणि ४७ पराभव असा होता. काढून टाका म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, कॉलेजने ठेवलं म्हणून पुढचं सगळं घडलं. बास्केटबॉलचेच जॉन वुडन १९४८ ला यूसीएलएला (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ ला. सोळावा सीझन! त्यानंतर मात्र १२ वर्षांत १० विजेतेपदं. लोक त्या बारा वर्षांवरच लिहितात, मला विचाराल तर आधीची वर्षं जास्त इंटरेस्टिंग आहेत, कारण त्या काळात टीमला धड हॉलसुद्धा नव्हता, तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या जिममध्ये कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सवाल्यांच्या सोबत जागा वाटून घ्यावी लागायची आणि प्रॅक्टिसच्या आधी फरशी साफ करायला वुडन स्वतः उभे असायचे. त्यांच्या टीमला मोठं स्टेडियम मिळालं ते १९६५ ला, म्हणजे दोन विजेतेपदं जुन्या जागेतच आली.

म्हणजे तुमच्या तक्त्यात जिथे पराभव जास्त दिसतात तिथे खूण करा आणि एकच प्रश्न लिहून ठेवा, तेव्हा कोचना कामावर कुणी टिकवून ठेवलं आणि का? त्यावेळचे प्राचार्य किंवा क्रीडा विभागाचे प्रमुख हयात असतील तर त्यांना गाठा. ही मंडळी लेखात सहसा येतच नाहीत.

आधीची नोकरीही तक्त्यात घ्या, भले ती दोनच वर्षांची असो. वुडन यूसीएलएच्या आधी इंडियाना स्टेटला होते. १९४७ ला त्यांच्या टीमला एका राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं, पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता, तर वुडननी आमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, टीम गेली आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. दहा विजेतेपदांच्या यादीत ही गोष्ट कुठेच बसत नाही.

आकडे मोजायचे कसे हे आधी ठरवा

हा भाग कंटाळवाणा आहे पण भांडणं इथेच होतात. एकूण विजय किती? कोण म्हणतं साडेतीनशे, कोण म्हणतं चारशेच्या वर. दोघंही बरोबर असू शकतात, मोजायची पद्धत वेगळी असते. जॉन गॅग्लियार्डी यांचे ४८९ विजय म्हणतात ना, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे दुसऱ्या कुणाचे नाहीत, त्यातले ४६५ सेंट जॉन्सचे आणि २४ आधीच्या कॅरोल कॉलेजचे. तुम्ही सेंट जॉन्सच्या कार्यक्रमासाठी लिहीत असाल तर कुठला आकडा देणार? दोन्ही द्या, आणि कुठला कशाचा ते लिहा.

तुमच्या बाबतीत प्रश्न असे येतील: समोरची टीम आलीच नाही तो विजय धरायचा का, फ्रेंडली मॅच धरायची का, पावसात थांबलेली मॅच कुठे टाकायची, कोच आजारी असताना असिस्टंटने जिंकून दिलेली मॅच कुणाच्या नावावर. नियम तुम्हीच ठरवा, पण एकदा ठरवला की सगळ्या वर्षांना तोच लावा आणि तक्त्याच्या खाली दोन ओळीत लिहून टाका. आकडा पटत नसेल तर गोल करू नका, "सुमारे" लावून मोठा तर अजिबात करू नका.

आकडे नंतर बदलतातसुद्धा. पेन स्टेट युनिव्हर्सिटीचे फुटबॉल कोच जो पटर्नो यांचे विजय ४०९ होते, २०१२ मध्ये शिक्षा म्हणून त्यातले १११ रद्द झाले आणि २९८ उरले, २०१५ मध्ये ते परत मिळाले. का रद्द झाले त्यावर पुढे येतो, कारण तो प्रश्न आकड्यांचा नाहीच.

कागद कुठे मिळतात

कॉलेजचे वार्षिक अंक, प्राचार्यांचे वार्षिक अहवाल, जुन्या पेपरची कात्रणं, स्पर्धेचे छापील ड्रॉ, आणि सगळ्यात भारी म्हणजे स्कोअरबुक. स्कोअरबुक बहुतेकदा कोचच्या घरी माळ्यावर किंवा क्रीडा साहित्याच्या खोलीत जुन्या नेटखाली सापडतं.

स्कोअरबुक मिळालं तर फक्त निकाल उतरवून बाजूला ठेवू नका. एका सीझनची पानं सलग उघडा आणि राखीव खेळाडूंची नावं बघा. कुणाला किती मिनिटं मिळाली, मॅच हातात असताना कोच कुणाला आत पाठवायचे, सिनियर पोराला शेवटच्या मॅचला तरी उतरवलं का. दोन-तीन सीझन असे बघितले की एखादं नाव सापडतं जे सगळ्या मॅचना टीममध्ये आहे आणि जवळजवळ कुठेच खेळलेलं नाही, आणि तरी पुढच्या वर्षी परत आलंय. का आलं असेल? त्या माणसाचा नंबर शोधा. तुमचा सगळ्यात चांगला इंटरव्ह्यू तोच होणार आहे.

फोटोंचं काम मात्र पटकन उरका. प्रत्येक फोटो मागून-पुढून स्कॅन करा, ६०० डीपीआयला केला तर छापायलाही चालतो, मागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने आणि कडेला. नावं डावीकडून उजवीकडे, ओळीवार लिहा. ज्यांची नावं लागत नाहीत त्यांचा फोटो ग्रुपवर टाका, अर्ध्या तासात उत्तर येतं (आणि त्याच्यासोबत वीस हसण्याच्या इमोजी, त्याला इलाज नाही).

कुणाशी बोलायचं, आणि कुठल्या क्रमाने

स्टार खेळाडू सगळ्यात शेवटी. त्यांचं बोलणं पॉलिश झालेलं असतं, त्यांनी तीच गोष्ट शंभर वेळा स्टेजवरून सांगितलेली असते. आधी राखीव खेळाडू, मग असिस्टंट कोच, मग ग्राउंडवरचा माणूस, ऑफिसमधला जो बिलं पास करायचा तो, समोरच्या कॉलेजचे कोच, घरची माणसं. आणि मध्येच टीम सोडून गेलेले दोघं-तिघं तरी. हे लोक टाळायचा मोह होतो, टाळू नका, कोच काय मागत होते आणि ते कुणाला झेपलं नाही हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही.

"सर कसे होते?" हा प्रश्न विचारलात की संपलं, उत्तर येणार "देवमाणूस". त्यापेक्षा असं विचारा: हरल्यानंतर बसमध्ये सर कुठे बसायचे? पहिल्या दिवशी प्रॅक्टिसला गेलास तेव्हा काय करायला लावलं? तुला टीममधून वगळलं तेव्हा सांगितलं कुणी आणि कुठे उभं राहून? कुठलं वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की तुम्ही मागे नक्कल करायचात? परीक्षा आणि मॅच एकाच दिवशी आली तेव्हा काय झालं?

पहिल्या दिवसाचा प्रश्न तर कधीच सोडू नका. वुडनचे खेळाडू, बिल वॉल्टनसारखे अख्ख्या देशात गाजलेले, पहिल्या दिवशी वाट बघत बसायचे की आता काहीतरी मोठं ज्ञान मिळणार, आणि हा माणूस त्यांना मोजे कसे घालायचे ते शिकवायचा. खरंच. मोजा बोटांवरून वर ओढायचा, करंगळीपाशी आणि टाचेपाशी हात फिरवून बघायचं की सुरकुती राहिली नाही ना, मग बूट, नाडी एकेका भोकातून घट्ट करत वर यायचं आणि शेवटी डबल गाठ. कारण साधं, सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते, नाडी सुटली की मॅचमध्ये नको त्या वेळी थांबावं लागतं. आता सांगा, "ते बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायचे" हे वाक्य लिहायची काही गरज उरली का?

एक काळजी घ्या. गोष्टी वर्षागणिक फुगतात. पायाला प्लास्टर असताना फायनल खेळलो, सरांनी रात्रभर चालत येऊन औषध दिलं, असलं काही ऐकलंत की लगेच तक्ता आणि स्कोअरबुक काढा, त्या मॅचला तो गडी खेळला होता का ते बघा, आणि तिथे हजर असलेल्या दुसऱ्या कुणाला वेगळं गाठून विचारा, पहिल्याने काय सांगितलं ते न सांगता. जुळलं तर घ्या. नाही जुळलं तर किस्सा कितीही गोड असला तरी बाहेर.

कोचसमोर बसाल तेव्हा

ते म्हणणार, मी काही केलं नाही, पोरांनी केलं. सगळेच म्हणतात. वाद घालू नका, तक्ता पुढे ठेवा आणि एकेक वर्षावर बोट ठेवून विचारत जा. "या वर्षी चार सलग हरलात, पाचव्या मॅचला तीन जण बदललेत, का?" माणूस आकडा बघितला की बोलायला लागतो. प्रॅक्टिसची वही मागा. वुडन रोज सकाळी असिस्टंटना घेऊन तासन्‌तास प्रॅक्टिसचं प्लॅनिंग करायचे, मिनिटामिनिटाचं, आणि ते छोट्या कार्डांवर लिहून खिशात ठेवायचे. तुमच्या कोचची अशी एखादी वही असेल तर तिचं एक पान जसंच्या तसं छापा, त्यापुढे चार पानी स्तुती फिकी आहे.

आणि कोच अजून काम करत असतील तर तुम्ही नशीबवान आहात, कारण त्यांचं शिकवणं डोळ्याने बघता येतं. रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या सीझनमध्ये, म्हणजे वुडनच्या शेवटच्या वर्षी, हेच केलं होतं. प्रॅक्टिसला जाऊन बसायचं आणि ते जे जे बोलतात त्याची नोंद करायची. एकूण २३२६ नोंदी झाल्या. त्यातल्या साधारण ७५ टक्के नुसत्या माहितीच्या होत्या, काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. कौतुक ७ टक्क्यांच्या आत, रागावणंही जवळपास तेवढंच. ना भाषणं, ना आरडाओरडा. एखाद्याचं चुकलं की आधी बरोबर कसं ते करून दाखवायचे, मग तू कसं केलंस ते, मग परत बरोबर, आणि हे सगळं काही सेकंदांत.

तुम्हीही करू शकता हे. वहीत पाच रकाने पाडा, सूचना, करून दाखवणं, कौतुक, रागावणं, इतर. तीन-चार प्रॅक्टिसना कोपऱ्यात बसा, प्रत्येक वाक्याला एक रेघ मारा. पहिल्या दिवशी कोच जरा सांभाळून बोलतील, ती वही धरू नका, दुसऱ्या दिवसापासून विसरतात. संध्याकाळी रेघा मोजा. "सर फार कडक" म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा धक्का बसतो, रागावण्याच्या रकान्यात चारच रेघा असतात, पण त्या चार सगळ्यांच्या लक्षात राहिलेल्या असतात.

पद्धत लिहा, आणि श्रेय नीट वाटा

प्रत्येक दीर्घकाळ टिकलेल्या कोचने काहीतरी असं केलेलं असतं जे बाकीचे करत नव्हते. गॅग्लियार्डींकडे ते अगदी उघड दिसतं: प्रॅक्टिसमध्ये टॅकलिंग (समोरच्याला पकडून खाली पाडणं) बंद, शिट्टी नाही, दीड तासाच्या वर प्रॅक्टिस नाही, आणि मला कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणा. त्यांचं कॉलेज स्कॉलरशिप न देणाऱ्या गटात खेळायचं, तिथे पोरगं टिकवायचं तर त्याला रोज यावंसं वाटलं पाहिजे हे त्यांना कळलं होतं. त्याच्या मुळाशी अजून एक गोष्ट आहे, ते स्वतः १६ वर्षांचे असताना त्यांच्या शाळेच्या कोचना युद्धासाठी बोलावणं आलं आणि टीम या पोरानेच चालवली. म्हणजे खेळाडूला कशाचा वैताग येतो हे ठरवायला त्यांना कुठे लांब जावंच लागलं नाही, तो वैताग ताजा होता. तुमच्या कोचची पद्धत अशीच मागे नेऊन बघा, बहुतेक वेळा ती त्यांच्या स्वतःच्या खेळाडूपणापाशी जाऊन थांबते, कधी नक्कल म्हणून तर कधी सूड म्हणून.

असिस्टंटला विसरू नका. यूसीएलएचं पहिलं विजेतेपद ज्या झोन प्रेसमुळे (समोरच्या टीमला कोर्टभर दाबून धरणारा बचाव) आलं तो वापरूया म्हणून मागे लागले होते असिस्टंट जेरी नॉर्मन. यात वुडनचं काही कमी होत नाही, ऐकून घेणं हेही कोचचंच काम, पण लेखात नॉर्मन हवेत.

आणि काळ लिहा. समिट यांचं करिअर १९७२ च्या टायटल नाइन कायद्याशिवाय कळत नाही, मुलींना शिक्षणसंस्थांत समान संधी द्यायला लावणारा तो कायदा, त्याच्या दोनच वर्षांनंतर त्या कामाला लागल्या. रॉबिन्सन यांचं तर वर्णभेदाशिवाय कळतच नाही, दक्षिणेतली मोठी कॉलेजं कृष्णवर्णीय पोरांना घेत नव्हती म्हणून ती ग्रॅम्बलिंगला यायची, आणि पुढे ती दारं उघडल्यावर तीच गुणी पोरं दुसरीकडे जायला लागली. हे न सांगता फक्त विजय घसरले एवढंच लिहिलं तर तो अन्यायच.

मागे काय राहिलं हे कसं शोधायचं

सगळे जण इथे प्रसिद्ध शिष्यांची यादी देतात. द्या, पण दोन ओळीत. रॉबिन्सन यांचे २०० च्या वर खेळाडू प्रोफेशनल फुटबॉलमध्ये गेले, त्यातला डग विल्यम्स १९८८ मध्ये सुपर बोल (प्रो फुटबॉलची फायनल) जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (पास फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) ठरला, ठीक. पण मला त्यापेक्षा ती घंटा आवडते, पोरं लेक्चरला उठावीत म्हणून रॉबिन्सन सकाळी हॉस्टेलमध्ये गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत फिरायचे. जे प्रो झाले नाहीत, म्हणजे बहुतेक सगळे, त्यांच्या वाट्याला ती घंटा आली. म्हणून डिग्री किती जणांनी पूर्ण केली हा आकडा कॉलेजकडून मागाच. समिट यांच्याकडे टेनेसीत पूर्ण मुदत खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली, हे मला आठ विजेतेपदांपेक्षा अवघड वाटतं.

मग बघा की खेळात काय उरलं. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांनी पास देणाऱ्याकडे बोट दाखवायची सवय लावली, बास्केट करणाऱ्याने आधी पास देणाऱ्याला मान द्यायचा. आज ती खूण बास्केटबॉलमध्ये सगळीकडे दिसते, करणाऱ्याला ती कुठून आली हे माहीतही नसतं. याच स्मिथ यांचा पुतळा १९६५ मध्ये विद्यार्थ्यांनी फासावर लटकवला होता, हरले म्हणून. आणि २०१५ मध्ये ते गेल्यावर कळलं की मृत्युपत्रात त्यांनी आपल्या टीममधून खेळलेल्या जवळजवळ १८० जणांना प्रत्येकी २०० डॉलर ठेवलेत, बाहेर मस्त जेवून या म्हणून. स्टारला जास्त आणि बाकीच्यांना कमी असं नाही, सगळ्यांना २००.

शेवटी, ते गेल्यावर काय झालं. वुडन यांच्या जागी जीन बार्टो आले, दोन वर्षांत ५२ विजय आणि ९ पराभव, आणि तरी लोकांचं समाधान होईना, शेवटी ते सोडून गेले. म्हणजे वारसा हा मागून येणाऱ्याच्या मानेवरचं ओझंही असतो, नव्या कोचशी बोलून हे जरूर विचारा. पण कोच गेले आणि टीम कोसळली हे त्यांच्या मोठेपणाचं सर्टिफिकेट समजू नका, कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो की त्यांनी दुसरं कुणी तयारच केलं नाही. टेनेसीत समिट यांच्यानंतर हॉली वॉर्लिक आल्या, आधी त्यांच्याच खेळाडू, मग वर्षानुवर्षं त्यांच्याच असिस्टंट. रॉबिन्सन यांच्यानंतर तोच डग विल्यम्स आला. अशी साखळी तुमच्याकडे आहे का बघा.

नको वाटणारं कसं लिहायचं

उतरती वर्षं असतातच. रॉबिन्सन यांचे शेवटचे दोन्ही सीझन ३ विजय आणि ८ पराभव असे गेले, थांबा म्हणणारेही होते. हे एका परिच्छेदात साधेपणाने लिहा, "काळाने साथ दिली नाही" छाप वाक्यात गुंडाळू नका.

कडकपणाचं मात्र तपासून घ्या. "सर मारायचे पण आमच्या भल्यासाठी" हे लोक हसत हसत सांगतात आणि आपणही हसत हसत लिहून टाकतो. इंडियाना युनिव्हर्सिटीचे बास्केटबॉल कोच बॉबी नाइट, २९ वर्षं, तीन विजेतेपदं, त्यांच्या खेळाडूंचं शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाणही चांगलं, पण १९८५ ला चालू मॅचमध्ये कोर्टवर खुर्ची फेकली तो किस्सा लोक वर्षानुवर्षं मजा म्हणून सांगत राहिले, आणि २००० मध्ये प्रॅक्टिसमध्ये खेळाडूचा गळा पकडल्याचा व्हिडिओ बाहेर आला, त्याच वर्षी कॉलेजने काढलं. किस्सा ज्याच्यावर घडला त्याला विचारल्याशिवाय छापू नका.

आणि त्याच्याही पलीकडचं काही ऐकलंत तर लेख तिथेच थांबवा. पटर्नोंच्या बाबतीत हेच आहे, त्यांचे जुने असिस्टंट जेरी सँडस्की लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी २०१२ मध्ये दोषी ठरले, त्याआधी नोव्हेंबर २०११ मध्ये पटर्नोंना काढण्यात आलं होतं, कळल्यावर त्यांनी पुरेसं केलं नाही हा आक्षेप होता. ४६ सीझन हेड कोच, लायब्ररीला दिलेल्या मोठ्या देणग्या, सगळं खरं, आणि तरी त्यांच्यावर लिहिताना ती मुलं गाळून लिहिता येत नाही. तुम्हाला कुणी तसं काही सांगितलं तर ते गौरवलेखात "दुसरी बाजू" म्हणून टाकायचं मटेरियल नाही, सांगणाऱ्याला विचारून ते तक्रार जिथे जायला हवी तिथे गेलं पाहिजे, आणि कार्यक्रमाची तारीख जवळ आली हे कारण चालत नाही.

लिहायला बसल्यावर

जन्म, शिक्षण, नियुक्ती अशा क्रमाने सुरू करू नका, तो बायोडेटा होतो. तक्त्यातलं एखादं वाईट वर्ष किंवा पहिल्या दिवसाची प्रॅक्टिस, तिथून शिरा. पदव्या आणि पुरस्कार शेवटी चौकटीत टाका. विशेषण आलं की त्याच्या जागी प्रसंग ठेवता येतो का बघा, येत नसेल तर विशेषणही काढा. पूर्ण लेखात "सर" म्हणायचं की आडनाव ते पहिल्या पानावर ठरवा, माझं मत, बोलणाऱ्याच्या तोंडी "सर" किंवा "मॅडम", तुमच्या तोंडी आडनाव आणि "ते", नाहीतर सगळा लेख भाषणासारखा वाजतो.

छापायच्या आधी ज्यांची वाक्यं वापरली त्यांना त्यांची वाक्यं वाचून दाखवा, कोचना तारखा आणि आकडे दाखवा, पूर्ण लेख नको, ते स्वतःबद्दलचं चांगलं सगळं खोडतील. मग तक्ता ग्रुपवर टाका आणि सरळ सांगा की चुका शोधा, चार दिवस देतो. नावाचं स्पेलिंग, वर्ष, कॅप्टन, सगळ्यावर तुटून पडतील, पडू दे, छापून आल्यावर पडण्यापेक्षा बरं. दुरुस्त तक्ता, स्कॅन केलेले फोटो आणि रेकॉर्डिंगची एक कॉपी कॉलेजच्या लायब्ररीत द्या, फाइलला वर्ष आणि नाव टाकून. तुमच्या लॅपटॉपवर "सर फायनल नवीन २" नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहिली तर पुढच्या लिहिणाऱ्याला परत माळ्यावर चढावं लागेल.